खो कुणी कुणाला दिला?

शाळा सुटली की साडेचारच्या सुमाराला आमच्या मैदानावर खो-खोचा सराव सुरू होतो. मी विज्ञान शिकवते, पण सरावाला कडेला उभं राहायला मला मनापासून आवडतं. मध्यरेषेवरच्या चौकोनांत आठ मुली बसलेल्या असतात, एकीचं तोंड पूर्वेला तर तिच्या शेजारणीचं पश्चिमेला. नववी पळणाऱ्या मुलीच्या मागे धावत असते. तिने मागून पाठीवर थाप मारून 'खो' म्हटलं की बसलेली उठते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हा नियम.

दोन वर्षांपूर्वी या रांगेत सातवीतली एक मुलगी होती. चपळ, तीक्ष्ण नजरेची. समोरची कुठल्या बाजूने हुलकावणी देणार, हे तिला आधीच कळायचं. पण दोन खो झाले की ती धापा टाकायला लागायची. तिसऱ्या वेळी उठताना तिचा हात गुडघ्यावर जायचा. एकदा मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "पाय उचल गं, आळस नको करूस." ती काही बोलली नाही, मान खाली घालून पुन्हा बसली. ते वाक्य मला आजही टोचतं, कारण दोष तिच्या पायांत नव्हताच.

मग कुठे होता? ते शोधायचं तर सगळं शरीर एकदा फिरून यावं लागतं. पुस्तकात चेतासंस्था एका धड्यात असते, श्वसनसंस्था दुसऱ्या, पचनसंस्था तिसऱ्या. अंगात अशा भिंती नाहीत. म्हणून मैदानावरचा एकच खो घेऊ आणि तो शरीरात कुठून कुठे जातो, ते सावकाश पाहू.

खो कानावर पडतो

'खो' हा आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागे एकमेकींना जोडलेली तीन इवली हाडं आहेत. त्यांतलं शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचं आहे आणि शरीरातलं सर्वांत लहान हाड तेच. ही हाडं थरथर आतल्या कानात पोहोचवतात. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. द्रव हलला की त्यातल्या केसाळ पेशी वाकतात आणि थरथरीचं रूपांतर विजेच्या इवल्याशा निरोपात होतं. हा निरोप चेतेवरून मेंदूकडे जातो. त्याच वेळी पाठीवरच्या थापेची बातमी मेरुरज्जूतून वर चढत असते, आणि डोळे पळणारी मुलगी कुठे आहे ते सांगत असतात.

तिन्ही बातम्या मेंदूत एकत्र येतात. प्रमस्तिष्क ठरवतं की कुठल्या बाजूला निघायचं. अनुमस्तिष्क तोल सांभाळतं. तोलासाठी लागणारी माहितीसुद्धा कानातूनच येते. ऐकण्याच्या नळीशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, डोकं कुठे वळलं ते त्या कळवत राहतात. मग हुकूम सुटतो. पायाकडे जाणाऱ्या चेतांमधून तो सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने धावतो. आवाज कानावर पडल्यापासून स्नायू हलू लागेपर्यंत सेकंदाचा सातवा-आठवा भागही पुरतो.

आमच्या मुलीला खो ऐकू येत होता आणि ती दिशाही बरोबर पकडत होती. म्हणजे चेतासंस्था चोख होती.

बसलेली उठते

स्नायूला एकच काम येतं, आखडून ओढायचं. ढकलणं त्याला जमत नाही. म्हणून स्नायू जोडीने काम करतात. उठताना मांडीच्या पुढचे स्नायू आखडतात आणि गुडघ्याच्या वाटीवरून नडगीचं हाड ओढतात, त्यामुळे पाय सरळ होतो. त्याच क्षणी मांडीच्या मागच्या स्नायूंना 'सैल हो' असा निरोप गेलेला असतो. दोघांनी एकाच वेळी जोर लावला असता तर गुडघा जागीच अडला असता. शेवटी पोटरीचा स्नायू टाचेवरच्या जाड कंडरेने टाच वर खेचतो आणि पंजा जमिनीला मागे रेटतो. स्नायू ओढतो, हाड तरफेसारखं फिरतं, आणि दोघांना वेळ चेतासंस्था देते.

हाडांचं काम एवढ्यावर संपत नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शिअम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं थोडंसं रक्तात आणि पेशींमध्ये असतं, पण त्याच्याशिवाय एकही स्नायू आखडू शकत नाही, हृदयसुद्धा नाही. रक्तातलं कॅल्शिअम घसरलं की गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या ठेवीतून कॅल्शिअम काढलं जातं. ही ठेव पुन्हा भरायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कसं तयार होतं ते पाहण्यासारखं आहे. ऊन अंगावर पडलं की त्वचा त्याचा कच्चा माल बनवते. रक्त तो यकृताकडे नेतं, तिथे त्यात एक बदल होतो. मग वृक्कात दुसरा बदल होतो. तयार झालेलं जीवनसत्त्व आतड्याला सांगतं, 'अन्नातलं कॅल्शिअम आत घे.' ते कॅल्शिअम रक्तातून हाडापर्यंत पोहोचतं. त्वचा, यकृत, वृक्क, आतडं, हाड. पाच ठिकाणी खो दिला जातो तेव्हा कुठे एक हाड मजबूत होतं.

मुलीची उंची वयाला साजेशी होती आणि पहिल्या खोला तिची उडी सगळ्यांत लांब जायची. हाडं आणि स्नायू निर्दोष होते.

चुलीत काय जळतं?

स्नायूला ओढायला ऊर्जा लागते, आणि ती एटीपी नावाच्या रेणूतूनच घ्यावी लागते. तयार एटीपी स्नायूत दोन-तीन सेकंदांपुरतंच असतं. ते संपता संपता फॉस्फोक्रिएटिन नावाचा दुसरा साठा मदतीला येतो आणि जोराची धाव आणखी काही सेकंद रेटतो. म्हणून पहिला खो कुणालाही जड जात नाही. त्यापुढे पळायचं तर साखर जाळावीच लागते.

ही साखर कुठून आली? दुपारी शाळेत खाल्लेल्या खिचडीतून. भाताचा घास तोंडात घोळतानाच लाळ त्यातल्या पिष्टाचे तुकडे करू लागते. जठरातून अन्न थोडं थोडं करून सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात उतरतं, आणि स्वादुपिंडाच्या आणि आतड्याच्या रसांनी पिष्टाचं ग्लुकोज होतं. आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारख्या बारीक लवा असतात, त्या ग्लुकोज शोषून रक्तात सोडतात. हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आधी ते यकृतात जातं. यकृत जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, स्नायूही आपापला साठा करतात. साठवायचा निरोप स्वादुपिंडातलं इन्शुलिन देतं.

रक्तात एका वेळी साखर असते तरी किती? मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ४-५ ग्रॅम, म्हणजे एक चमचाभर. ती भराभर वापरली जात असताना भरून कोण काढतं? वृक्कांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. मेंदूकडून इशारा येताच त्या अॅड्रेनॅलिन सोडतात आणि यकृत आपला साठा उघडतं. सामना सुरू होण्याआधीच छातीत धडधडतं आणि पोटात गोळा येतो ना? तो याच तयारीचा भाग आहे.

आता चूल पेटली. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये ग्लुकोज ऑक्सिजनच्या मदतीने जळतं. त्यातून ऊर्जा मिळते, पण तिचा साधारण चौथा हिस्साच हालचालीच्या कामी येतो. उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. सोबत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. म्हणजे आता शरीरापुढे दोन कामं उभी राहिली, उष्णता काढायची आणि वायू बदलायचा.

घाम का येतो, आणि कधी उपयोगी पडतो

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवणं हे त्याचं एक काम. रक्त तापलं की तो त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद करायला सांगतो. गरम रक्त पृष्ठभागाजवळ येतं, म्हणून पळून आलेल्या मुलांचे चेहरे लाल दिसतात. त्याच वेळी त्वचेतल्या २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी कामाला लागतात.

घाम नुसता आल्याने अंग गार होत नाही, तो सुकला पाहिजे. पाण्याची वाफ होताना ती त्वचेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून कोरड्या उन्हात, विदर्भात, घाम आला कधी आणि सुकला कधी तेही कळत नाही. अंग गार राहतं, पण पाणी मात्र झपाट्याने कमी होतं. कोकणात हवा आधीच ओलसर असते, तिथे घाम सुकत नाही, टपकतो. टपकलेला थेंब अंगातली फारशी उष्णता नेत नाही, म्हणून तिथे कमी उन्हातही जीव कासावीस होतो.

घामाचं पाणी येतं रक्तातून. पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान घटतं आणि तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. हायपोथॅलॅमसला हे लगेच कळतं. तो तहान लावतो आणि पियुषिका ग्रंथीतून एक संप्रेरक वृक्कांकडे पाठवतो, 'पाणी राखून ठेव' असा निरोप घेऊन. मोठ्या माणसाची वृक्कं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत पाठवतात, लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. खेळल्यावर लघवी गडद पिवळी दिसली तर वृक्कांनी तो निरोप पाळला आहे आणि तुम्ही पाणी प्यायला हवं आहे, एवढं ओळखा.

पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालतात, त्यामागेही शरीरातली एक भागीदारी आहे. आतड्याच्या पेशींमध्ये अशी दारं आहेत, ज्यांतून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात. ती जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून देण्याचं सलाइन अपुरं पडलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. घरी करायचं तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे माप लक्षात ठेवा. जुलाबात शरीरातलं पाणी गेल्याने जीव जातो, आणि हे साधं पाणी तो वाचवतं.

मुलगी पाणी वेळेवर प्यायची, जेवण टाळायची नाही. शोध पुढे चालू ठेवू.

श्वास कुणाच्या सांगण्यावरून वाढतो?

फुप्फुसांना स्वतःचे ओढणारे स्नायू नाहीत, ती आपणहून फुगू शकत नाहीत. खाली श्वासपटल सपाट होतं, फासळ्यांमधले स्नायू पिंजरा वर उचलतात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. म्हणजे एक श्वास घ्यायलाही हाडं, स्नायू आणि चेता हजर राहावे लागतात. तुमच्या वयाचं मूल शांत बसलं असताना मिनिटाला साधारण १८ ते २० वेळा श्वास घेतं. जोरात पळताना हाच आकडा ४०-५० वर जातो.

ऑक्सिजन कमी पडला म्हणून धाप लागते, असं बहुतेकांना वाटतं. खरी गंमत वेगळी आहे. मेंदू पायांना 'पळ' म्हणतो त्याच क्षणी मस्तिष्कपुच्छातल्या श्वसनकेंद्रालाही वर्दी देतो, म्हणून पहिल्या काही पावलांतच श्वास वाढतो. पुढे तो किती वाढवायचा, हे बरंचसं रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरतं. हा वायू रक्ताला किंचित आम्ल करतो आणि तेवढा फरक केंद्राला पुरतो. दम रोखून धरला की थोड्याच वेळात छाती 'सोड, सोड' म्हणू लागते. ती हाक मुख्यतः साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते.

हवा आत जाऊन थांबते ती वायुकोशांपाशी. हे फुगे कोट्यवधी आहेत. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांतले सगळे पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे आपल्या वर्गखोलीच्या जमिनीहून जास्त. प्रत्येकाला केशवाहिन्यांचं जाळं वेढून असतं. मधला पडदा इतका पातळ की ऑक्सिजन सहज पलीकडे जातो आणि कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. रक्तकणिका या जाळ्यातून विश्रांतीच्या वेळी पाऊण सेकंदात पार होते. पळताना तेवढाही वेळ मिळत नाही, तरी निरोगी फुप्फुसात ती भरूनच बाहेर पडते.

मुलीला दमा नव्हता, खोकला नव्हता. वैद्यकीय तपासणीत फुप्फुसंही स्वच्छ निघाली.

वाटणी करणारं हृदय

हृदयाची ताल धरण्याची सोय हृदयातच आहे. त्याला एकटं सोडलं तर ते मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देईल. बसलेल्या माणसाची नाडी ७०-७५ लागते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची चेता त्याचा लगाम ओढून धरते. खो मिळताच आधी हा लगाम सैल होतो, म्हणून ठोके क्षणात वाढतात. मग दुसऱ्या चेता आणि अॅड्रेनॅलिन टाच मारतात. जोरात पळणाऱ्या मुलाची नाडी १९० च्या पुढेही जाऊ शकते.

मोठ्या माणसाचं हृदय बसल्या जागी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. त्याच्या अंगातलं रक्तही साधारण तेवढंच, म्हणजे मिनिटाला एक फेरी. जोराच्या व्यायामात हेच २० लिटरपर्यंत जातं. पण खरं कौशल्य वाटणीत आहे. विश्रांतीच्या वेळी स्नायूंना सुमारे पाचवा हिस्सा मिळतो. जोरात पळताना त्यांना चार पंचमांश किंवा जास्त मिळतो, आणि आतडी व वृक्कांकडचा प्रवाह आखडता घेतला जातो. मेंदूचा वाटा मात्र जवळपास तेवढाच राखला जातो. भरपेट जेवून लगेच पळू नका असं आई सांगते, त्याचं कारण हेच. आतडी आणि पाय दोघंही एकाच रक्तासाठी हात पुढे करतात.

रक्त फिरतं, हे आज आपल्याला उघड वाटतं. इंग्लंडमधल्या विल्यम हार्वे यांनी ते १६२८ मध्ये मांडलं, तेव्हा लोकांना पटेना. हार्वे यांनी साधा हिशोब केला होता. एका ठोक्याला थोडंसंच रक्त बाहेर पडतं असं धरलं, तरी तासाभरात त्याचं वजन माणसाच्या वजनाहून जास्त होतं. एवढं रक्त दर तासाला नवं तयार होणं शक्य नाही, म्हणजे तेच फिरून येत असणार. धमनीतून शिरेत ते कुठून जातं, हे मात्र त्यांना दिसलं नाही. १६५७ मध्ये ते वारले. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीत मार्चेल्लो माल्पीगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि सुटलेला दुवा जुळला.

पायांतून रक्त वर चढवायला पोटऱ्याही मदत करतात. स्नायू आखडला की शीर दाबली जाते, आणि आतल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. म्हणून पळून आल्यावर एकदम थांबून उभे राहू नका, थोडं चाला. पोटऱ्या थांबल्या की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते.

मुलीच्या हृदयाचे ठोके नियमित होते, पण बसल्या जागीसुद्धा नाडी ९६ लागायची. हृदय आजारी नव्हतं. कुणाच्या तरी वाट्याचं काम ते भरून काढत होतं.

पाट्या कमी पडल्या तर

शाळेच्या आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतली कड लालसर असायला हवी होती, ती फिकट होती. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, हिचं हिमोग्लोबिन बघायला हवं." ते ८.४ निघालं. तिच्या वयाला ते किमान १२ हवं.

लोहित रक्तकणिका म्हणजे ऑक्सिजनची पाटी. एका कणिकेत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक अणूवर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी बनतं. फुप्फुसं ऑक्सिजन द्यायला तयार, स्नायू घ्यायला तयार, पण मधे वाहून नेणाऱ्या पाट्याच कमी. मग हृदय तेवढ्याच पाट्यांच्या जास्त खेपा करतं. बसल्या जागी हे निभावतं. तिसऱ्या खोला निभावत नाही.

दमलेले दिसत होते पाय. कमी होतं रक्तात. आणि रक्तातलं कमी पडायचं कारण होतं ताटात आणि आतड्यात. त्या मुलीच्या पोटात जंतही होते. आकडेकृमी नावाचे जंत तर अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. मैदानावर अनवाणी खेळणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवायलाच हवं.

या कामातही खो फिरतो. रक्तात ऑक्सिजन कमी आहे हे सर्वांत आधी ओळखतात वृक्कं. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांच्या आत, अस्थिमज्जेत पोहोचतं आणि सांगतं, 'नव्या कणिका कर.' मज्जा लोह मागते, आतडं ते अन्नातून घेतं. लोहित कणिका सुमारे १२० दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृत तिला मोडून लोह परत वापरायला देतात. मुलीची वृक्कं ओरडून सांगत होती, मज्जाही तयार होती, पण कोठीत लोहच नव्हतं.

डॉक्टरांनी जंतनाशक गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. आईने हळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, पालेभाजीवर लिंबू असं सुरू केलं. लिंबातलं क जीवनसत्त्व आतड्याला लोह घ्यायला मदत करतं, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा त्याला अडवतो, म्हणून चहाची वेळ बदलली. लगेच काही घडलं नाही. मज्जेला कणिका बनवायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ झालं.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या वर्गात कुणी सारखं दमत असेल तर चिडवू नका, घरी किंवा शिक्षकांना सांगा. थकव्याची कारणं अनेक असतात, म्हणून तपासणी आधी आणि गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

करून पाहा

१. पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. मित्राला तुमचे श्वास मोजायला सांगा. आता ३० बैठका मारा. लगेच दोन्ही मोजा, मग दर मिनिटाला एकदा, असं पाच मिनिटं. आकडे वहीत मांडा आणि आलेख काढा. नाडी आधी खाली येते की श्वास? आलेख उतरत जातो तो भाग नीट पाहा, तिथे व्हेगस पुन्हा लगाम ओढते आहे. शरीराला वेग घेण्याइतकंच थांबणंही जमावं लागतं. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी बैठका मारू नयेत, नोंदी ठेवाव्यात.

२. हात खाली लोंबकळत सोडा, मागच्या बाजूची शीर फुगेल. तिच्यावर बोटांकडच्या बाजूला एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त मनगटाकडे सारा. मधला भाग रिकामा राहील, कारण वरची झडप रक्त परत येऊ देत नाही. आता दाबलेलं बोट सोडा. शीर खालून भरेल. हार्वे यांनी झडपांचं काम अशाच दाबण्या-सोडण्यातून दाखवून दिलं होतं.

आमच्या खेळात आणि शरीरात एक फरक आहे, तो सांगून थांबते. मैदानावर खो देणारी खाली बसते. शरीरात कुणीच बसत नाही. मेंदू स्नायूंना खो देऊन स्वतः जागाच राहतो, आणि दुसऱ्याची उणीव हृदय आपल्या अंगावर घेऊन पळत राहतं. म्हणून तर बिघाड एकीकडे होतो आणि दम दुसरीकडे लागतो.

ती मुलगी आता नववीत आहे. परवा सरावात तिने लागोपाठ पाच खो घेतले आणि पाचव्यात गडी बाद केला. मीही बदलले आहे. रांगेतलं कुणी मागे पडलं की आता मी "पाय उचल" म्हणत नाही. जवळ जाऊन विचारते, "जेवलीस का? झोप झाली का? इकडे ये, डोळा बघू दे जरा."